एक उन्हाळा, एक पावसाळा

आबासाहेब इंगळे माणसाचं तोंड शेवटी पाहत. आधी हात. धारला त्यांच्या ओसरीवर कचेरीतला साहेब आला काय किंवा टांगेवाला आला काय, चष्म्याच्या वरून त्यांची नजर सरळ मनगटावर उतरायची, तिथून बोटांवर, तिथून नखांवर. पंजा केवढा, अंगठा किती वळतो, तळव्याला घाम आहे का, हे सगळं पाहून झालं की मग मान वर करून म्हणायचे, "बसा."

मला पहिल्या दिवशी ते "बसा" म्हणालेच नाहीत. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट मुळापासून नाहीत. आबासाहेब त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिले.

"मशीन?"

"प्रेस. देवासच्या कारखान्यात."

"या हातानं काय करायचं आहे?"

"मासे धरायचेत."

"डावा हात चांगला दिसतो आपला."

"मला उजव्यानंच धरायचेत."

"बरं," ते म्हणाले आणि माझ्यासाठी पाट सरकवला. त्या एका "बरं"वर मी अकरा वर्षं घालवली. त्या अकरा वर्षांत त्यांनी साऱ्या जगाला मुठी करून दिल्या, मला दिली नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याविषयी काही बरं लिहिलं तर राग विसरलो असं कुणी समजू नये.

आबासाहेब गळाच्या काठ्यांना मुठी बनवत. काठी बांबूची असो, वेताची असो, की कुणाच्या जावयानं परदेशातून आणलेली फायबरची असो. तिची मूळची मूठ काढून ते त्या माणसाच्या हातापुरती नवी बसवत आणि तिच्यावर दोरी गुंडाळायचं रीळ पक्कं करून देत. तरुणपणी ते जुन्या दरबारच्या शिकारखान्यात होते. दरबार गेला, शिकारखाना गेला, हात राहिला. धारेत त्यांच्यासारखी जुनी मराठी घरं बरीच होती; कुणी शाळेत चिकटलं, कुणी कचेरीत. आबासाहेब कुठेच चिकटले नाहीत. थोडी जमीन होती, तिच्यावर चालत असे.

मी साताऱ्याकडचा. कृष्णेच्या काठी वाढलो, चालता यायच्या आधी गळ टाकता येत होता म्हणा ना. देवासला कारखाने निघाले तेव्हा आलो. दुसऱ्याच वर्षी बोटं गेली. मग देवासलाच, टेकडीखाली, हार्डवेअरचं दुकान टाकलं आणि कुणाचा हात न धरता चालवलं. भाव करण्यात मी असा की इंदूरचे ठोक व्यापारी मला पाहिलं की चहा मागवत नाहीत. चहा आला तर हा आणखी तासभर बसेल अशी त्यांना भीती. माझा एकच नियम: जो आधी बोलतो तो हरतो. रागीट आहे, तेही कबूल. दुकानातली माणसं माझ्या आवाजावरून हवामान सांगत.

पण दुकान चाललं तरी हात रिकामाच होता. रिळाचा जो पाय असतो, तो मुठीखाली नेमका मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात येतो. काठीचं वजन तिथे तोललं जातं. माझ्याकडे नेमकं तिथेच काही नाही. क्षिप्रेवर दोनदा प्रयत्न केला. काठी हातात गरकन फिरली आणि रीळ काठीखाली लटकायचं ते वर आलं. काठावरची पोरं हसली. मी काठी घेऊन घरी आलो आणि माळ्यावर टाकली. कारखान्यातले शर्माजी तेव्हा म्हणाले, "भिया, धार जाओ. आबासाहेब के हाथ की मूठ पकड़ोगे तो अपना हाथ भूल जाओगे."

म्हणून गेलो.

ओसरीच्या टोकाला त्यांची खोली. खोलीत बुचांचा वास. बाटल्यांची बुचं, अत्तराच्या कुप्यांची, कॉलेजच्या प्रयोगशाळेतली, थर्मासची. थर्मासचं बूच म्हणजे त्यांना सोनं. कुणाचा थर्मास फुटला की लोक काचेच्या आधी बूच उचलून त्यांच्याकडे पाठवत. चकत्या कापायच्या, मधोमध भोक पाडायचं, एकीला एक चिकटवत काठीवर चढवायच्या, आणि मग कानशीनं, शेवटी काचकागदानं घासत आणायच्या. पन्नास बुचांतली बारा ते ठेवत. बाकीची भोकं पडलेली म्हणून चुलीत.

दारूच्या बाटल्यांची बुचं मात्र माईसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी, उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. परसात वेगळी चूल, वेगळं पातेलं. आबासाहेब तिथे उकिडवे बसून ती उकळत. माईसाहेब न्हाणीच्या दारातून विचारत, "उतरली का?" आबासाहेब म्हणत, "बुचांची उतरली. ज्यांनी बाटल्या रिकाम्या केल्या त्यांची तुम्ही बघा."

हलकेपणाचं त्यांना वेड होतं. "मूठ म्हणजे हाताचा पाहुणा," ते म्हणत. "पाहुण्यानं जड होऊ नये." मूठ पुरी झाली की रीळ लावून ते काठी तर्जनीवर आडवी तोलून धरत. ती कलली तर कलली त्या बाजूचं बूच आणखी घासायचं. एकदा एका मोठ्या साहेबानं जीपमधून आपली काठी पाठवली. तिला चकचकीत पोलादी बैठक होती, रीळ आट्यांनी आवळायची. आबासाहेबांनी ती उचलली, खाली ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "साहेबांना सांगा, यानं मासा धरता येणार नाही, पण चोर आला तर कामास येईल." साहेबाला राग आला असणार. पण पंधरा दिवसांनी साहेब स्वतः आला, जीप कोपऱ्यावर उभी करून चालत आला, आणि हात पुढे केला.

माप घ्यायची त्यांची रीत वेगळी. ओल्या पिवळ्या मातीचा गोळा काठीच्या तुकड्याला थापून समोर धरत. "धरा. मासा लागलाय असं समजून धरा." माणूस धरायचा. माती बोटांमधून वर यायची. तो ठसा सुकवून फळीवर मांडायचा. त्या फळीवर अर्ध्या धारेच्या मुठी होत्या, मातीच्या, ओळीनं, प्रत्येकीखाली खडूनं नाव. माझीही होती. सगळ्या ठशांत पाच खोबणी, माझ्यात तीन, आणि मध्ये मातीचा डोंगर.

रीळ बसवायला आटे नाहीत, खिळा नाही. दोन पितळी कडी, कागदासारखी पातळ. रिळाचा पाय बुचावर ठेवायचा आणि दोन्ही बाजूंनी कडी सरकवून पायाची टोकं त्यांच्याखाली दाबायची. बस्स. वजन एखाद्या अंगठीएवढं. पण बूच म्हणजे झाडाची साल; माळव्याच्या उन्हाळ्यात ती आक्रसते आणि कडं सैल पडतं, पावसाळ्यात फुगते आणि कडं हलत नाही. म्हणून आबासाहेबांची अट: तयार मूठ एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यांच्या ओसरीच्या तुळईला टांगलेली राहणार. रिळाला भरलेला लोटा बांधलेला. ते जाता-येता त्याला टिचकी मारत. कडं केसभर सरकलं तरी मूठ उतरवून पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या साहेबालाही वर्षभर थांबावं लागलं.

मी भाव केला. "आबासाहेब, उन्हाळा घ्या, पावसाळा सोडा."

ते हसले. मोठ्यांदा हसताना मी त्यांना तेवढंच पाहिलं. "जाधवराव, आपण यमाशीही घासाघीस कराल."

"करेन. पण तो वर्षभर टांगून ठेवणार नाही."

पैशाचं बोलणं काढलं की ते माईसाहेबांकडे बोट दाखवत, आणि माईसाहेब देवाकडे. देवापुढे जे ठेवाल ते. टोंकखुर्दचे एक शाळामास्तर होते, त्यांनी चार लिंबं ठेवली आणि मूठ घेऊन गेले. मी तेव्हा तिथेच बसलो होतो. माझी पाचवी का सहावी फेरी.

दर वर्षी माल घ्यायला धारला जाणं होई, आणि दर वर्षी मी ओसरीवर. दर वर्षी मी विचारी, "काय झालं माझं?" आणि ते म्हणत, "अजून सापडलं नाही. सापडलं की सांगतो." नाही म्हणाले असते तर मी भांडलो असतो. हो म्हणाले असते तर थांबलो असतो. "सापडलं नाही" याला बाजारात उत्तर नाही. काय सापडलं नाही, ते सांगत नसत. मी फळीकडे पाही. माझा ठसा कधी या टोकाला, कधी त्या टोकाला असे. मला वाटे, नव्या गिऱ्हाइकांना जागा करायला सरकवतात.

एक गोष्ट आधी माझ्या लक्षात आली नव्हती. आबासाहेब स्वतः कधी गळ टाकत नसत. मुंज तलाव घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जगाच्या काठ्या तयार करणारा माणूस, पण पाण्याशी उभा राहिलेला त्यांना कुणी पाहिलेला नव्हता. मी एकदा माईसाहेबांना विचारलं. आबासाहेब बाहेर गेले होते. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तुम्ही घरातलेच झाला आहात, म्हणून सांगते. त्यांच्यापाशी बोलू नका."

शिकारखान्याच्या दिवसांत नेमावरला नर्मदेवर पाहुण्यांसाठी मासेमारी ठरली होती. आबासाहेबांनी एक मूठ घाईनं केली होती, हिवाळ्यात. आणि वैशाखात ती पाण्यावर गेली. दुपारी मोठा मासा लागला. बूच सुकलेलं, कडं निसटलं आणि परदेशी रीळ नावेतून पाण्यात. नाव वल्हवणारा भागीरथ नावाचा केवट होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. दरबाराची वस्तू म्हणून त्यानं आपणहून मागोमाग उडी घेतली. दोरी पायाला गुंडाळली. वर आला तो दुसऱ्या दिवशी, खालच्या घाटाला.

"तेव्हापासून यांनी काठी धरली नाही," माईसाहेब म्हणाल्या. "नोकरीही सोडली. दरबारातून कुणी एक शब्द बोललं नाही हो त्यांना. तेच त्यांना लागलं."

मी मान डोलावली. कुणापाशी बोलणार नाही म्हणालो. आणि ते ऐकून मला दया यायच्या आधी काय वाटलं, तेही लिहितो: यांची दुखती जागा आता मला ठाऊक आहे. बाजारात वीस वर्षं घालवलेल्या माणसाचं मन असंच चालतं.

दहाव्या वर्षी मी ठरवलं, यांच्या भरवशावर राहायचं नाही. हवाई चपलांच्या नव्या तळव्यांचं रबर आणलं, दुकानाच्या मागे बसून त्याच्या चकत्या कापल्या आणि बुचाऐवजी काठीवर चढवल्या. हलकं, मऊ, पाण्याला न फुगणारं. रीळ आवळायला नळाच्या पाइपला लावतात ती पट्टीची क्लिप, स्क्रूवाली. माझ्या दुकानात डबे भरून होत्या. मध्ये रबराची एक गुठळी ठेवली, नसलेल्या बोटांसाठी. देवासला घरात हात हलवून पाहिलं, फिरली नाही. मला झोप येईना आनंदानं. तीन दिवसांनी बसनं धारला गेलो.

ओसरीवर तेच टोंकखुर्दचे मास्तर बसलेले. मी काठी आबासाहेबांपुढे ठेवली. माईसाहेब चहा घेऊन येत होत्या, त्या थांबल्या.

"हे कशाचं?"

"चपलेचं," मी म्हणालो. "नवीन तळवे. कुणी घातलेले नाहीत."

"अगंबाई, पायातलं हातात?"

आबासाहेबांनी मात्र ती दोन्ही हातांनी उचलली. रबर दाबून पाहिलं, तर्जनीवर तोललं. "हलकी आहे," ते म्हणाले. "रबराची कल्पना चांगली आहे. मला सुचली नाही." मला आठवतं, तेवढ्या एका वाक्यानं माझी दहा वर्षं फिटली होती. मग त्यांनी काठी उभी धरली आणि मासा झटका देतो तसा एक झटका दिला. फार जोरात नाही. रबर दबलं, पट्टी तिरकी झाली आणि रीळ फरशीवर आपटून मास्तरांच्या पायाशी गेलं.

मास्तर हसले. "जाधवशेठ, चप्पल निकल गई!"

आबासाहेब हसले नाहीत. ते रिळाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आज मला तो चेहरा कळतो. तेव्हा मला फक्त मास्तरांचं हसणं ऐकू आलं.

"तुमचीही निसटली होतीच की," मी म्हणालो. "माझं रीळ फरशीवर पडलं. तुमच्या कड्यानं भागीरथ गेला."

माईसाहेबांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आबासाहेबांकडेही पाहिलं नाही. मास्तरांना काही कळलं नाही, पण ते उठले आणि पायात चपला अडकवून गेले.

आबासाहेबांनी खाली वाकून रीळ उचललं. धोतराच्या सोग्यानं पुसलं, त्याचा दांडा एकदा फिरवून चालतं का ते पाहिलं आणि माझ्या डाव्या हातात दिलं. उजव्या नाही, डाव्या. "काच तडकली नाही," असं काहीतरी म्हणाले. रिळाला काच नसते. मग खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

माफी मागायला हवी होती हे मला इंदूरच्या अलीकडेच कळलं होतं. पण तोवर बस पुढे आली होती. नंतर मनात हिशेब उलटा मांडला: दहा वर्षं टांगून ठेवलं कुणी? गावासमोर हात दाखवायला लावला कुणी? आधी त्यांनी निरोप पाठवावा. जो आधी बोलतो तो हरतो.

निरोप आला नाही. शर्माजी एकदा जाऊन आले, म्हणाले, आबासाहेबांनी काम बंद केलं. नवीन हात पाहत नाहीत. तुळईला टांगलेल्या मुठी ज्यांच्या त्यांना देऊन टाकल्या. "फळीवरची मातीसुद्धा उतरवली, भिया. बस, एक बची है." कुणाची, ते शर्माजींनी पाहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

आबासाहेब पुढच्या आषाढात गेले. मला कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते. माईसाहेब पुतण्याकडे ग्वाल्हेरला गेल्या. खोलीतलं काय कुणी नेलं, ठाऊक नाही.

पण त्याआधी, त्याच वर्षीच्या वैशाखात, मी त्यांना एकदा पाहिलं. मालासाठी धारला गेलो होतो. त्यांच्या गल्लीवरून जायला नको म्हणून तलावाच्या काठाचा रस्ता धरला. चार-साडेचारची वेळ. ऊन तसंच होतं. पाणी खूप खाली गेलेलं, आणि तडकलेल्या चिखलाच्या पलीकडे, पाण्याला पाय लावून, एक म्हातारा काठी घेऊन उभा होता.

मी चिंचेच्या बुंध्याशी थांबलो. वीसेक पावलं असतील. चालीवरून नाही, वाकलेल्या मानेवरून ओळखलं.

त्यांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं दुमडून तळव्याला बांधलेली होती. पांढऱ्या दोऱ्यानं, मनगटापर्यंत वेढे घेऊन. अंगठा, तर्जनी आणि करंगळी, एवढ्यावर काठी धरली होती. मूठ विचित्र दिसत होती, मध्ये फुगलेली, बेडूक गिळलेल्या सापासारखी. आणि रीळ नेहमीच्या जागी नव्हतं, पार मागे, करंगळीच्याही मागे होतं. पितळी कडी उन्हात चमकली. त्यांनी गळ टाकला. काठी हातात फिरली. त्यांनी दोरी गुंडाळून घेतली, कडं अंगठ्यानं चाचपलं, पुन्हा टाकला. पुन्हा फिरली, पण कमी. सहाव्या की सातव्या वेळी ती फिरली नाही. दोरी सरळ गेली, पाण्यावर एक बारीक वर्तुळ उठलं आणि ते तसेच उभे राहिले, हात पुढे, जणू दुसऱ्या कुणाचा हात आपल्याला मिळाला आहे.

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. पण मी महिने मोजले. वैशाख. म्हणजे उन्हाळा चालू आहे, पावसाळा राहिला. दिवाळीपर्यंत सांगतील. आता सापडलंय, तर त्यांनीच सांगावं.

त्यांनी काठी बगलेत धरली आणि डाव्या हातानं दोऱ्याची गाठ सोडवायला लागले. गाठ पाण्यानं घट्ट झाली असावी. सुटेना. त्यांनी मान वर करून काठावर पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी आहे का म्हणून. मी बुंध्याआड झालो. पुन्हा डोकावलं तेव्हा आबासाहेब मनगट तोंडाशी नेऊन दातांनी गाठ ओढत होते.